बारा सीड्या आणि एक खोळ

आमच्याकडे दसऱ्याच्या आधी घर झाडून-पुसून, भांडी उजळून, गोधड्या धुऊन घेतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. जळगाव जामोदला माझा कॉम्प्युटर क्लास होता. सहा मशीन आणि एक पंखा. तिथंही मी दरवर्षी दसरा काढायचो, म्हणजे सहाही मशीनना फॉरमॅट मारायचो. वर्षभराचे व्हायरस, विद्यार्थ्यांनी भरलेली गाणी, सगळं साफ. मग कोरं विंडोज टाकायचं आणि खंडेनवमीला कीबोर्डला हळदकुंकू लावून मॉनिटरला झेंडूचा हार घालायचा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझ्याच डोक्यातून निघालेलं. त्या डोक्यात धोंडा घालावासा वाटतो आज.

बीटी कपाशी आमच्या भागात नवी होती तेव्हाची ही गोष्ट. हिला बोंडअळी लागत नाही, असं ऐकून लोकांनी हौसेनं बियाणं आणलं. एका साली बोंडं फोडून पाहावीत तर आत अळी वळवळतेय. बियाणंच बोगस निघालं होतं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक पिंजारी राहायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. साठीच्या पुढचे, खांद्यावर कापूस पिंजायचं धनुष्यासारखं पिंजण, सायकलच्या कॅरिअरला गाद्यांच्या खोळींचं गाठोडं. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत फिरून, लोकांच्या ओसरीत बसून गाद्या भरायचे. त्यांच्या बापानंही त्याच गावांत गाद्या भरल्या होत्या. स्वतःचं दोन एकर होतं, त्यातही हीच कपाशी. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कापूस चिमटीत धरला की तो कोणत्या शिवारातला हे सांगायचे, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

एका दुपारी चाचा क्लासात आले आणि गादीची एक अख्खी खोळ माझ्या टेबलावर पालथी केली. बियाण्याची रिकामी पाकिटं! सव्वातीनशे तरी असतील.

"हे काय चाचा? दसरा अजून लांब आहे, एवढा कचरा कशाला आणला?"

"कचरा नाही बेटा. बारा गावात एकच दुखनं हाये. मी लोकायले म्हनलं, पाकिटं माह्याजवळ द्या, तुमचं गाऱ्हानं मी वर पोचवतो."

"तुम्ही? कसं पोचवणार?"

"मी काहाले पोचवतो? तू पोचवशील. तुले कॉम्प्युटर येते ना?"

मी हसलो, पण छाती फुगली हे खरं. चाचांनी जबान दिली होती आणि ती पुरी करायची माझ्या भरवशावर. पाकिटाच्या पाठीवर लॉट नंबर छापलेला असतो. कोणत्या खेपेचं बियाणं बोगस, हे त्या नंबरवरूनच सिद्ध होणार होतं. बहुतेकांनी पक्कं बिल घेतलंच नव्हतं. म्हणजे बारा गावांच्या हातात पुरावा काय, तर चाचांची ही खोळ.

मला तेव्हा वेबसाइट बनवायचं याड लागलं होतं. माझ्या टेबलावरच्या मशीनवर मी लोकल सर्व्हर टाकला होता. म्हणजे साइट जगाला दिसत नाही, आपल्याच मशीनवर चालते. पक्की झाली की मग इंटरनेटवर चढवायची. साधी वही उघडून लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही, आम्हाला शहाणपण दाखवायचं होतं! मी साइट बनवली, मागं नोंदी साठवायला डेटाबेस जोडला, वर फुटलेल्या बोंडाचा फोटो लावला. रोज दुपारी चाचा एकेक पाकीट हातात घ्यायचे. प्रत्येकाला त्यांनी गादीच्या दोऱ्याची गाठ मारली होती. दोऱ्याचा रंग म्हणजे गाव, गाठी म्हणजे त्या गावातला कितवा माणूस. "लाल, चार गाठी," असं पुटपुटत ते शेतकऱ्याचं नाव सांगायचे आणि मी पाकिटावरचा नंबर टाकायचो. एकदाही अडले नाहीत. साइट बनवण्यापासून धरून दीड महिना गेला त्यात.

आणि मी काळजी घेत नव्हतो असं नाही हो. दर बुधवारी आणि शनिवारी साइटचं अख्खं फोल्डर सीडीवर उतरवायचो, वर मार्करनं तारीख टाकायचो. सहा आठवड्यांच्या बारा सीड्या एका डब्यात. चाचांना तो डबा मी दोनदा दाखवला होता.

शेवटचं पाकीट संपलं तेव्हा दसरा आठ दिवसांवर होता. खोळ कोपऱ्यात जागा अडवून बसलेली. मी म्हणालो, "चाचा, आता ही रिकामी करा. सगळं कॉम्प्युटरात आलं, वरून सीड्याही आहेत. तुम्हाला सीझनला खोळ लागेल."

"पाकिटं ठेवाले नाही लागत?"

"काय करायचीत आता?"

चाचांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं, मग डब्याकडं. मग खोळ झटकली, घडी घातली आणि सायकलला लावून गेले. पाकिटं मी भंगारवाल्याला देऊन टाकली. आणि त्याच हातानं दसरा काढला. सहाही मशीन, डिस्कचे सगळे कप्पे, एक सोडला नाही. माझ्याजवळ बारा सीड्या होत्या ना!

गावागावाच्या नावानं एकेक तक्रारअर्ज मी बुलढाण्याच्या कृषी कार्यालयात आधीच दिला होता, माणसांची यादी सुनावणीला द्यायची होती. दिवाळी झाल्यावर तिथून सुनावणीचं पत्र आलं. यादी छापायची म्हणून मी सर्व्हर पुन्हा टाकला आणि शेवटच्या सीडीवरचं फोल्डर जागेवर ठेवलं. चाचा शेजारच्या खुर्चीत बसले होते. साइट उघडली, फुटलेल्या बोंडाचा फोटो जसाच्या तसा आला. चाचांनी समाधानानं मान हलवली. मी यादीवर क्लिक केलं.

डेटाबेस सापडत नाही, असं लिहून आलं.

दुसरी सीडी घातली, मग तिसरी. बाराही सीड्या घालून पाहिल्या, पण काय झालंय हे मला दुसऱ्याच सीडीला कळलं होतं. साइटचं फोल्डर वेगळीकडं असतं आणि डेटाबेस वेगळीकडं. दुकानाची पाटी, शटर, काउंटर मी दर आठवड्याला जपून ठेवत होतो. माल मागच्या खोलीत होता आणि त्या खोलीत मी एकदाही डोकावलो नव्हतो. सहा आठवड्यांत एखादी सीडी दुसऱ्या मशीनवर टाकून पाहिली असती तरी पाच मिनिटांत उजेड पडला असता. सीडीवरच्या फायलीतून मी नवा डेटाबेस तयार केला. सगळे रकाने आले: नाव, गाव, लॉट नंबर. खाली एकूण नोंदी शून्य.

"काय झालं बेटा?"

मी सांगितलं. त्यांना फोल्डर आणि डेटाबेस काय कळणार? पण शून्य कळलं.

दुसऱ्या दिवशी मी हार्ड डिस्क खिशात घालून खामगावला गेलो. तिथल्या मेकॅनिकनं चार तास मशीन घुमवलं आणि म्हणाला, "एकदा फॉरमॅट मारता, वरून विंडोज टाकता, वरून क्लासचं सामान भरता. आता काय राहिलं भाऊ?" निघाल्या त्या तुटक्या फायली, त्यात चौकोन आणि प्रश्नचिन्हं. तिथून तसाच भंगारवाल्याकडं गेलो. माल दिवाळीआधीच ट्रकनं गेला होता. बियाण्याच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "कोणतं बियाणं?" घरी येऊन मी न जेवता पडून राहिलो. मरून जावं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

सकाळी चाचाच आले. "ऊठ. लिही," म्हणाले. डोळे मिटून त्यांनी सांगायला सुरुवात केली. हिरवा दोरा, एक गाठ. हिरवा, दोन गाठी. दोन दिवस बसून त्यांनी बाराही गावं सांगितली. कोण कोणाचा भाऊ, कोणाच्या शेतात विहीर, कोणाच्या पोरीच्या लग्नाची गादी कोणत्या साली भरली. सगळी नावं आली. लॉट नंबर त्यांना कुठून येणार? वाचताच येत नव्हतं. ते वाचायचं काम माझं होतं.

बुलढाण्याला साहेब तसे सज्जन होते. यादी त्यांनी शेवटपर्यंत चाळली. "नावं आहेत, गावं आहेत. नंबरचा रकाना कोरा आहे. पाकिटं कुठंयत?"

चाचांनी सदऱ्याच्या खिशातून किडकं बोंड काढून टेबलावर ठेवलं. "साहेब, हा कापूस पाहा. हात लावून पाहा."

"बाबा, यावरून कोणत्या खेपेचं बियाणं ते मी कसं ठरवू?"

शेतात येऊन पाहा म्हणावं तर निम्म्या लोकांनी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून हरभरा पेरला होता. अर्ज निकाली निघाले. परतीच्या बसमध्ये, राजूर घाट उतरताना, मी म्हणालो, "चाचा, माझ्यामुळं झालं." ते खिडकीबाहेर पाहत होते. "बुलढान्याचा चाय नुसता पानी होता बे," एवढंच म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात क्लासच्या जाहिराती वाटायला मी त्या गावांत गेलो. एका पारावर एक म्हातारबुवा भेटले. मला सर म्हणाले, बसायला जागा दिली. मग म्हणाले, "तुमच्या गल्लीतला तो पिंजारी! आमची पाकिटं घेऊन गेला अन् यष्टीत खोळ इसरला म्हने. आपल्या तोंडानं सांगून गेला. आमी आता त्याले गादी भराले नाही बोलावत. कोनीच नाही बोलावत."

माझ्या हातात जाहिरातींचा गठ्ठा होता. त्यातली एक मी त्यांना दिली आणि उठलो.

संध्याकाळी चाचांच्या घरी गेलो. पिंजण भिंतीला टांगलेलं, त्याची तात सैल सोडलेली.

"काऊन असं सांगतलं चाचा?"

"मंग काय सांगू? कॉम्प्युटरनं खाल्लं म्हनू? त्यायले कॉम्प्युटर म्हंजे तूच. गावच्या पोरी आत्ताशी कुठं तुह्या क्लासात येऊन राह्यल्या. बापायनं उद्या त्यायचं नाव क्लासातून काढलं असतं."

"अन् तुमचं काम?"

"फोमच्या गाद्या आल्या बेटा. माह्यं काम तसंबी चाललंच होतं."

त्या गावांत तेव्हा फोम कुणाच्या घरी होता? मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी म्हणालो, उद्याच गावोगाव जाऊन खरं काय ते सांगतो. चाचांनी चहा पुढं सरकवला. त्या उद्याला नंतर परीक्षा आडव्या आल्या, मग पाऊस, मग नवीन बॅच. क्लास चांगला चालला. सहाची बारा मशीन झाली.

आता मी डेटाबेसची वेगळी कॉपी काढतो. ती दुसऱ्या मशीनवर टाकून नोंदी मोजल्याशिवाय खुर्चीतून उठत नाही. शिकायला येणारी मुलं हसतात, सरांना वेड लागलंय म्हणतात. हसू दे.

चाचा गेले तेव्हा मी खांदा द्यायला होतो. गल्लीतले लोक होते, दोन-तीन नातेवाईक होते. एका नातेवाइकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "बारा गावच्या गाद्या भरल्या याच्या हातानं. त्या गावांतून एकही माणूस कसा नाही आला, सर?"

मला माहीत नाही, असं मी म्हणालो.