राहिलेला समुद्र

माझं गणित बरोबर होतं. आजही बसून मांडलं तरी बरोबरच येईल. ती अमावास्या दुपारी बारापर्यंत होती म्हणजे होती. एवढं आधी सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मला स्वतःच्या बाजूनं बोलायला दुसरं काही नाही.

मी अकरा वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला होता. वैद्यानं हात टेकले तेव्हा आईनं नवस बोलला, की पोर वाचलं तर त्याचा हात धरून कोडिक्करैच्या समुद्रात बुडी मारीन. आणि ती बुडी होईपर्यंत कॉफी तोंडाला लावणार नाही. कुंभकोणमच्या बाईनं कॉफी सोडायची म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. पहाटे फिल्टरमध्ये पाणी ओतल्याचा वास सगळ्या गल्लीत फिरायचा, आणि आमच्या गल्लीत आईच्या हातची कॉफी नावाजलेली. ती वडिलांना द्यायची, मला द्यायची, आल्यागेल्याला द्यायची आणि स्वतः ताकाचं पाणी घेऊन बसायची.

मी वाचलो. पण वडिलांचं भांड्यांचं दुकान, त्यांना सवड म्हणून कधी नाही. लढाईच्या दिवसांत गाड्यांचा भरवसा नव्हता. आज-उद्या करता करता मी शिकलो, शाळेत गणिताचा मास्तर झालो. तेवीस वर्षांचा घोडा. एकदा आडी महिन्याच्या, म्हणजे आषाढाच्या, अमावास्येला जोडून सुट्टी आली, तेव्हा आई म्हणाली, "आतां तूंच ने रे मला. तुझ्या बापाच्या भरंवशावर राहिलें तर समुद्र आटून जाईल." वडील हसले. मीही हसलो.

आता यातली मेख सांगतो. आमच्यात समुद्राला वाटेल तेव्हा शिवत नाहीत. लांबून हात जोडायचे. स्नान करायचं ते पर्वाला, अमावास्या नाही तर पौर्णिमा, आणि तेही तिथी लागलेली असताना. तिथी सरली की समुद्र पुन्हा सोवळ्यात. त्यात कुंभकोणमात पंचांगं दोन, एक जुन्या वाक्यांवर, म्हणजे पाठ केलेल्या सूत्रांवर चालणारं आणि एक नव्या गणिताचं. आईचं जुनं. तिच्या पंचांगात त्या दिवशीची अमावास्या सूर्योदयानंतर पाच घटकांनी, म्हणजे आठच्या सुमाराला संपत होती. माझ्या नव्या पंचांगात दुपारी बाराला.

मायवरमच्या गाडीत बसलो. तिरुभुवनम गेलं, आडुतुरै गेलं, आणि आई खिडकीची कड धरून लहान मुलीसारखी बसली होती. जन्मात तिनं समुद्र पाहिला नव्हता. मांडीवर गाठोडं, त्यात कोरडं लुगडं, माझं धोतर, हळदकुंकू, एक नारळ. दोनदा गाड्या बदलून संध्याकाळी वेदारण्यमला उतरलो आणि तिथल्या चत्रमात, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, पथारी टाकली. आई म्हणाली, "पहांटे चारला निघूं. पांच घटका आहेत नुसत्या."

मी म्हटलं, "बारापर्यंत आहे."

"आमच्या पंचांगांत नाहीं."

झालं, माझ्यातला मास्तर जागा झाला. चंद्र कसा फिरतो, जुनी वाक्यं कशी मागं पडली, त्यात किती तासांची चूक येते, सगळं तिला समजावून दिलं. दीडशहाणा! ती ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तूं शिकलेला. पण मी नवस बोललें तेव्हां तुझं पंचांग घरांत नव्हतं." मी ते हसण्यावारी नेलं आणि झोपलो.

चारला तिनं हाक मारली. मी कूस बदलली. निघालो साडेपाचला. बैलगाडीवाला म्हातारा म्हणाला, घाई असेल तर सरळ नेतो, आठाच्या आत पोचवतो. मीच म्हटलं, घाई नाही. तो प्रदेशही असा, की पाहत राहावं. आधी मैलोगणती मिठागरं, पांढरी, डोळ्यांत खुपणारी. मग खुरट्या काटेरी झाडांचं रान, आणि समुद्रावरून येणारा आडीचा वारा असा, की सगळी झाडं एका अंगाला वाकलेली. माणसाची वस्ती जवळजवळ नाहीच. मी सहकाऱ्याकडून दुर्बीण मागून आणली होती आणि मला काळवीट बघायचे होते. एक कळप दिसला म्हणून गाडी थांबवली. मग रामाची पावलं उमटली आहेत म्हणतात त्या टेकाडावर चढलो, म्हटलं वरून चहूकडचं दिसेल. खरंच दिसलं. एकीकडं रान, एकीकडं चिखलाची दलदल, आणि पुढं जमीन संपून किनारा कोपरासारखा वळलेला. आईला हाक मारली, "वर ये, बघ तरी!" ती गाडीतून उतरली नाही. खालूनच विचारत होती, "ऊन कुठवर आलं रे?"

पुढच्या वाटेवर समोरून गाड्या यायला लागल्या. ओली लुगडी गाडीच्या दांडीवर वाळत घातलेली, बायकांचे केस मोकळे. स्नानं उरकून लोक परतत होते. आई एकेका गाडीकडे बघत होती. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आम्ही टोकाला पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. वाऱ्यानं वाळू अंगाला टोचत होती. शिंपल्यांच्या धारदार तुकड्यांवरून अनवाणी चालत आई पाण्यापासून दहा हातांवर थांबली. "केवढा आहे रे!" म्हणाली. तोंड उघडं ते उघडंच. मग लाट वर आली तशी ती लुगडं सावरून मागं सरली. पुन्हा लाट आली, पुन्हा मागं.

मी धोतर खोचून म्हटलं, "चल. हात दे."

"तिथी सरली."

"अगं, अजून तीन तास आहेत!"

"तुझ्या कागदांत आहेत. मी देवाला बोललें तें माझ्या तिथीवर." आवाज चढलेला नव्हता. "पुन्हां येऊं. समुद्र कुठं जातो?"

तेव्हा मी वाकायला हवं होतं. चुकलो, आई, पौर्णिमेपर्यंत इथंच राहू, एवढं म्हणायला काय जात होतं? पंधरा दिवसांची रजा मिळाली असती, नसती तर बिनपगारी. पण माझं डोकं फिरलं. एवढ्या लांब आणलं आणि आता नखरे! "ठीक आहे, तू बस तुझं पंचांग घेऊन," असं ओरडलो आणि एकटाच पाण्यात शिरलो. तिच्या देखत बुड्या मारल्या. एक नाही, तीन. माझंच खरं हे दाखवायला.

बाहेर आलो तर ती कोरडं धोतर हातात धरून उभी होती. "डोकं पूस," म्हणाली. "तुला ताप बाधतो." नारळ तिनं कोरड्या वाळूवर ठेवला, लांबूनच हात जोडले. परतताना वेदारण्यमला झावळ्यांनी शाकारलेल्या एका दुकानात मी कॉफी घेतली. माझा राग अजून उतरला नव्हता. ती बाकावर शेजारी बसून होती. दुकानदारानं तिच्यापुढंही पेला ठेवला, तो तिनं हलकेच माझ्याकडं सरकवला. तोही मी प्यालो.

पुढच्या आडीला परीक्षेचे पेपर होते. त्यापुढच्या वर्षी माझं लग्न. मग मुलगी झाली. मग आईचे गुडघे. ती दर वर्षी एकदा विचारायची, एकदाच. मी म्हणायचो, "पुढच्या अमावास्येला नक्की." महिन्याला दोन पर्वं धरली तर सात वर्षांत किती झाली, हे गणित माझ्या वर्गातलं कुठलंही पोर तोंडी करील. मी ते केलं नाही. रोज सकाळी तिच्या हातची कॉफी मात्र घेतली. लाज वाटायला हवी होती, पण सवयीपुढं लाज टिकत नाही.

शेवटच्या आजारात तिचं अन्न सुटलं. वडील, ज्यांनी आयुष्यात कधी चूल फुंकली नव्हती, त्यांनी स्वतः कॉफी केली आणि चमच्यानं तिच्या ओठांशी नेली. "देव समजून घेईल," म्हणाले. तिनं ओठ मिटून घेतले. मग डोळे उघडून माझ्याकडं न बघता म्हणाली, "समुद्र राहिलाय अजून."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

कावेरी दारात असताना अस्थी कोडिक्करैला कशाला, असं सगळे म्हणाले. मी ऐकलं नाही. अस्थींना तिथी लागत नाही. ते टोक तसंच होतं, तोच वारा, तीच वाकलेली झाडं. मडकं छातीशी धरून कमरेइतक्या पाण्यात गेलो आणि त्याच्यासकट बुडी मारली. हात धरून म्हणाली होती ती. हात कुठला धरणार?

परत आलो आणि ठरवलं, आता आपण कॉफी सोडायची. जन्मभर. कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस डोकं ठणकलं, चार दिवस चिडचिड केली, मुलीवर उगाच ओरडलो. तिनं बारा वर्षं माझ्यापुढं रोज पेला ठेवून ताक प्यायलं, त्यानंतर आणखी सात.

नवव्या दिवशी सकाळी बायकोनं फिल्टर उतरवला, आणि मी जाऊन पेला पुढं केला.