सुवर्णाची हजेरी

वर्गात हजेरी सुरू झाली की आमच्या गप्पांना ऊत यायचा. सुवर्णा तेवढी पदर सावरून ताठ बसायची आणि नाव आलं की "हजर, मॅडम!" असं ठणकावून म्हणायची, की मागचे बाक खिदळायचे. उस्मानपुऱ्यातली सून, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, माझ्या शेजारी बसायची.

एकदा कँटीनमध्ये तिनं मला खरं काय ते सांगितलं. "घरी पाहुणे आले, थांब. पापड करायचे, थांब. मग शिकायचं कवा? म्हणून सासऱ्यांना सांगून ठेवलंय, एक दिवस चुकला तरी विद्यापीठ नाव कापतं." सासरे सरकारी नोकरीतून निवृत्त. नियम म्हटला की ते गप्प बसायचे. खरा नियम पंचाहत्तर टक्के हजेरीचा, पण त्यांना सांगतंय कोण! "तुम्ही या नियमाला शिव्या घालता," ती म्हणायची, "मी त्याच्या पाया पडते. त्याच्यामुळंच तर घराबाहेर पडायला मिळतं."

त्याच वर्षी सासूबाईंचं ऑपरेशन झालं. सुवर्णा कित्येक आठवडे घरातच अडकली आणि हजेरी खरोखरच कमी भरली. आता परीक्षेला बसता येणार नव्हतं. आमच्या विभागप्रमुख मॅडम मोठ्या मायाळू. म्हणाल्या, "घरच्या आजारपणाचा अर्ज दे, सासऱ्यांची सही आण. सूट मिळवून देते."

सुवर्णानं हातच जोडले. "नको, मॅडम. सूट मिळती हे घरी कळलं, तर पुढच्या वर्षी मला कोण सोडंल? रोज म्हणतील, आज ऱ्हा घरी, मॅडमला सांग."

"अगं, वर्ष जाईल तुझं!"

"जाऊ द्या. पण यायला तर मिळंल."

बाहेर आल्यावर मी तिला चांगलंच झापलं. वेडी आहेस का तू? इतका अभ्यास करणारी पोर आणि हातानं वर्ष घालवतेस? ती ढसाढसा रडली. म्हणाली, "मग दुसरं काय करू? सांग की!" आजही तो प्रसंग आठवला की माझा नुसता संताप होतो.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी सासरे तिला स्कूटरवरून फाटकाशी सोडून गेले. सासूबाईंच्या आजारपणात सुनेचं वर्ष गेलं, या धसक्यानं घरचे आता तिचा एकही दिवस चुकू देत नव्हते. तास तर बंदच होते, पण ते तिनं घरी सांगितलं नव्हतं. आम्ही आत पेपर लिहीत होतो, ती बाहेर व्हरांड्यात बसून होती.

मी बाहेर येताच तिनं प्रश्नपत्रिका माझ्या हातातून ओढून घेतली, वही उघडली आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला लागली.

"हे तपासणार कोण, बाई?" मी विचारलं.

"कुणी नाय," मान वर न करता ती म्हणाली. "पण सासरे न्यायला येईस्तोवर मी कॉलेजात हाय."