निकाल राखून ठेवणारे तात्या

कळस गावात केबलचा धंदा करताना मी लोकांच्या नाना मागण्या ऐकल्या. पण "गोल्फचं चॅनेल लाव" म्हणणारा माणूस एकच भेटला, निवृत्तीतात्या. अंगावर पायजमा-सदरा आणि डोक्यावर पुढे झडप असलेली, साहेबलोक घालतात तसली विटकी टोपी. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

"तात्या, त्यात बघायचं काय? माणसं नुसती चालत असतात."

"मग? मेंढरांमागं आमच्या बापानं दुसरं काय केलं?" तात्या म्हणाले. "लाव तू."

तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. ती विकल्यावर तात्या पुण्याला गेले आणि बत्तीस वर्षं गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून राबले. साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहायची आणि चेंडू भोकाजवळ आला की जमीन कुठं कलते ते सांगायचं. स्वतः ते एकदाही खेळले नाहीत. पण लहानपणापासून माळरान तुडवलेला माणूस. उकिडवं बसून, डोळे बारीक करून हिरवळीकडे बघायचे आणि बोट दाखवायचे. "पानी वतलं तर कुठं जाईल ते बघायचं. चेंडू बी तितंच जातो," एवढंच त्यांचं शास्त्र. गावात पाइपलाइनचा चर खणायचा असला की लोक आधी तात्यांना शेतात नेत. उतार मोजणारा यंत्रवाला नंतर यायचा आणि तात्यांनी सांगितलं तेच सांगून जायचा.

त्या दिवसांत परदेशातला एक गोल्फर एकामागून एक स्पर्धा जिंकत सुटला होता. जिंको की हरो, चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. तात्यांनी त्याचं नाव थंड्या ठेवलं. आदल्या दिवशीचा खेळ सकाळी पुन्हा दाखवत, तो बघायला तात्यांकडे आम्ही दोघं जमायचो, मी आणि गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. गुरुजींना गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वाद घातल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. मोबाईलवर वाचून त्यांनी आधीच्या पिढीतला एक खेळाडू शोधून काढला आणि आजवरचा सर्वांत थोर तोच, असा पक्ष घेतला.

"किताब मोजा तात्या, किताब! तुमचा थंड्या अजून पासंगालाही पुरत नाही."

"मोजाया ती काय अंडी हायती व्हय, गुरुजी?"

हा वाद पुढे चहाच्या टपरीवर गेला. ज्यांनी जन्मात गोल्फची काठी पाहिली नव्हती, त्यांचेही दोन तट पडले. शेवटी सगळ्यांनी ठरवलं की त्या मैदानावर पाय ठेवलेला माणूस गावात एकच, तेव्हा निकाल तात्या देतील. तात्यांचा जीव थंड्यावर होता हे शेंबड्या पोरालाही कळत होतं, पण ते कबूल करत नसत. "परदेशात एक जुनं मैदान हाय, लई फसव्या उताराचं. तितं शेवटच्या दिवशी त्याला बघू दे. मग बोलीन. आदी न्हाय."

एकदा ते मला म्हणाले, "बत्तीस वर्षं साहेबांनी इचारलं, निवृत्ती, उतार कुठं हाय? कोण मोठा खेळतो, हे एकानं बी इचारलं न्हाय." मी हसलो नाही. हा निकाल म्हणजे त्यांच्यासाठी गंमत नव्हती, हे मला त्या दिवशी समजलं.

मग त्यांचे फोन यायला लागले. "संजू, चित्राच्या कडा कापल्या जात्यात. चेंडू मधीच बाहीर जातो बघ."

मी गेलो. मला चित्र स्वच्छ दिसत होतं. पण धंद्याची सवय वाईट. गिऱ्हाइकाला "तुमचंच चुकतंय" असं म्हणायचं नसतं. "सिग्नल वीक आहे तात्या," असं मी ठोकून दिलं आणि वायर बदलली. पुढच्या महिन्यात बॉक्स बदलला, मग टीव्हीची सेटिंग फिरवून बघितली. दर वेळी चित्र स्वच्छ होतं आणि दर वेळी मी सिग्नललाच शिव्या घातल्या. असे आठ महिने गेले. एक दिवस तात्या अंगणातल्या अंगणात पाण्याच्या हौदावर आदळले, तेव्हा कुठे आम्ही त्यांना बारामतीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, डॉक्टर म्हणाले. लवकर आणलं असतं तर उरलेली राखता आली असती. आता तीही फार दिवस राहणार नव्हती.

परतीच्या वाटेवर मी गाडीत रडलो. तात्यांनी माझा खांदा चाचपला. "मी टीव्हीचं दुखणं सांगितलं, तू टीव्ही बघितला. तुजा काय दोष?" त्यांच्या या क्षमेनं मला आजतागायत झोप लागू दिलेली नाही.

थंड्या त्या जुन्या मैदानावर पोचला तोवर तात्यांना फक्त उजेड-अंधार कळत होता. तरी सकाळी अंघोळ करून, टोपी घालून ते टीव्हीसमोर बसले. मी आणि गुरुजी दोन बाजूंना. थंड्याचा चेंडू शेवटच्या भोकापासून दहा-बारा पावलांवर थांबला होता.

"उतार कुठं हाय?" तात्यांनी विचारलं.

मी पडद्याकडे डोळे फाडून बघितलं. हिरवं गवत दिसत होतं. नुसतं हिरवं, सपाट गवत.

"गुरुजी, तुमी सांगा."

गुरुजींनी चष्मा पुसून बघितलं आणि मान खाली घातली. टीव्हीतून टाळ्यांचा कडकडाट झाला. चेंडू भोकात गेला होता, थंड्या जिंकला होता. कसा गेला, कुठून वळला, ते आम्हा दोघा डोळसांना सांगता आलं नाही.

गुरुजी म्हणाले, "तात्या, मी हरलो. तुमचाच गडी आजवरचा सगळ्यात मोठा. मी मान्य करतो."

तात्या ताडकन उभे राहिले. "गुरुजी, देवानं मला आंधळा केला. तुमी भिकारी नका करू." आणि भिंत चाचपत आतल्या खोलीत गेले.

त्यानंतर वाद बंद झाला. गुरुजी यायचे, पण पावसापाण्याचं बोलून उठायचे. थंड्या पुढेही जिंकत राहिला. तात्यांनी त्याचं नाव काढलं नाही. टपरीवर कुणी निकालाचं विचारलं की "न बगितलेल्या खेळाचा निकाल न्हाय देत" एवढंच म्हणत. वर्षभरात आधी बोलणं सुटलं, मग जेवण. श्रावणात ते गेले.

तात्यांना माती देऊन परतताना गुरुजी ओढ्याजवळ थांबले. मला वाटलं, दम लागला असेल.

"संजू, माझ्या मते तो जुनाच मोठा होता रे," ते म्हणाले. "तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. भांडायला पाहिजे होतं मी त्या दिवशी."