भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा

सबंध एक हिवाळा मी शेजारणीला रिकाम्या डब्यापुढे हात जोडायला लावले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — जिला सांगायला हवं होतं, तिलाही नाही. आता सांगतोय. हसायचं तर हसा, नाकं मुरडायची तर मुरडा.

दोन हजार सहाच्या सुमाराची गोष्ट. भाईंदर पश्चिमेला, मुर्ध्याच्या रस्त्यावर आमची बिल्डिंग. गच्चीवर मी कोबी लावला होता — कशात? उत्तनच्या मासेवालीने दिलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत! गड्डे धरायला लागले आणि अळ्या आल्या. बारीक, हिरव्या, पानाच्याच रंगाच्या. पानांची पार चाळण. मग रोज सकाळी एकेक वेचायची आणि चपलेखाली घ्यायची. दुसरं काय करणार — चहा पाजू? तुमच्या ताटातल्या कोबीवरच्या अळ्या काय काशीला गेल्या होत्या? मारल्याचं मला काही वाटत नाही. आजही नाही.

पण खालच्या मजल्यावर मंजूबेन राहायच्या. जैन. मोहरी-मिरचीवर परतलेला कोबीचा संभारो त्यांच्या भारी आवडीचा — आणि आठ वर्षांपासून सोडलेला. "सुरीखाली अळी आली, भाऊ. माझ्या हाताने जीव गेला ना." आणि मी? माझ्या पहिल्या गड्ड्याचं कुणी कौतुक करायला नको? बोलून गेलो — मी अळ्या मारत नाही हो, खाडीकाठच्या गवतात सोडून येतो.

बाईंचे डोळे भरून आले. झालं! आता माघार कशी घेणार? श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडली आणि रोज तो रिकामा डबा घेऊन त्यांच्या दारावरून जिना उतरायला लागलो. त्या डब्याला हात जोडायच्या. मी मान लववायचो — अगदी पुण्यवान माणसासारखी. नाक्यावर कटिंग प्यायचो, परत यायचो. आणि त्यांनी माझा कोबी खाल्ला. आठ वर्षांनी. माझ्या शब्दावर.

सांगायची संधी नव्हती, असं म्हणू? होती की! पुढच्या भाद्रपदात संवत्सरी आली. त्या दिवशी जैन माणसं सगळ्यांची क्षमा मागतात. मंजूबेन उपासाच्या अंगाने कठड्याला धरधरून वर आल्या, दारात हात जोडून उभ्या राहिल्या. "भाऊ, कळत-नकळत तुमचं मन दुखवलं असेल, तर माफ करा."

माझं मन! तेव्हा तरी तोंड उघडावं की नाही? उघडलं ना. "अहो, माफ केलं," म्हणालो — वर हसलो.

दार लावून वळलो, तर बायको समोर उभी.

"तो डबा रोज मीच धुवायचे. अळीची एक लेंडी कधी दिसली नाही त्यात. माफ कसलं करताय? जिना तुम्ही उतरायचा होता."