मामाजींनी क्लॅरिनेट पुन्हा उचललं

माझे सासरे नेरच्या लग्नांमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतात, मीही तेच म्हणते. मी मारेगावहून लग्न होऊन इथे आले, तेव्हा मला दारात ओवाळून आत घेईपर्यंत मामाजी अंगणात उभे राहून वाजवत होते. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यांनी दुसऱ्या कुणाला क्लॅरिनेटला हात लावू दिला नव्हता.

मागच्या थंडीत त्यांना निमोनिया झाला. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा अंगणातून ओसरीच्या पायऱ्या चढतानाच त्यांना दोनदा थांबावं लागलं. सासूबाई जाऊन काही वर्षं झालेली. माझे यजमान एसटीत ड्रायव्हर, मुक्कामी गाडी घेऊन राळेगावकडे जातात. दिवसभर घरात आम्ही दोघंच असायचो.

दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी एक प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. तीन नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी. तोंडाने हवा आत ओढली की गोळ्या वर चढतात. मामाजींनी ओढली, तर पहिली गोळी जरा हलली आणि खाली बसली. बाकीच्या दोन जागच्या हलल्याही नाहीत. त्यांनी यंत्र पलंगाखाली सरकवलं.

"मामाजी, बाईंनी रोज करायला सांगितलं आहे."

"मले श्वास घ्यायले शिकवते का ते? सारी जिंदगी फुकण्यात गेली माही."

त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. राग यंत्राचा नव्हता, हे मला कळत होतं. ज्या माणसाच्या फुंकरीवर अख्खी वरात चालायची, त्याला एक गोळी उचलता आली नव्हती.

खाण्याचीही तीच तऱ्हा. लग्नसराईत बँडवाल्यांचं जेवण म्हणजे पुऱ्या, वडे, बुंदी, तेही अवेळी. डॉक्टरांनी साखर आणि तळलेलं कमी करायला सांगितलं. मी सकाळी ज्वारीची भाकर, मुगाची उसळ, कधी बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या शेंगा, कधी अंबाडीची भाजी करू लागले. सोबत जवसाची चटणी, काकडी, वाटीभर ताक. मामाजी अर्धी भाकर मोडून उठायचे.

"आजाऱ्याचं जेवण हाय हे," म्हणायचे. आणि जरा चालता येऊ लागल्यावर काठी घेऊन चौकातल्या गॅरेजात जाऊन बसायचे.

गॅरेज त्यांच्या दोस्ताचं, ज्यांना मी चाचा म्हणते. चाचा दिवसा मोटरसायकली दुरुस्त करतात आणि लग्नसराईत मामाजींच्याच बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. एक दिवस मी दळण घेऊन तिकडून येत होते. पाहते तर दोघं स्टुलावर बसलेले, मध्ये कागदावर तळलेले आलुबोंडे. मामाजींनी हातातला पटकन खाली ठेवला.

मी भांडायला गेले नव्हते, पण आवाज चढलाच. "चाचा, तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं."

चाचांनी ग्रीसचे हात फडक्याला पुसले. "बेटी, गलती माहीच. तो गप्पगप्प बसते, मले पाहवत नाही. म्हटलं, खाईल तर बोलन."

मामाजी म्हणाले, "कायले त्याले बोलतं? मीच मांगतलं."

त्या दोघांना तसं बसलेलं पाहून माझा राग ओसरला. मी म्हटलं, "तुम्हाला दोस्तासोबत बसून खायचं आहे ना? खा. मी आणून देईन काय खायचं ते."

दुसऱ्या दिवसापासून दुपारनंतर मी डबा घेऊन गॅरेजात जाऊ लागले. कधी उकडलेल्या तुरीच्या शेंगा, कधी फुटाणे, कधी पेरू चिरून. चाचांनी आलुबोंडा स्वतःही बंद केला. "दोस्त खात नाही तर मी कसा खाऊ?" असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, जरा ऐटीतच. शेंगा सोलता सोलता मामाजी पुन्हा बोलू लागले, घरीही पूर्ण भाकर खाऊ लागले.

श्वासाचं मात्र अडलेलंच होतं. ते सुटलं माझ्यामुळे. एका सकाळी मी गच्चीवर वाळवण घालून खाली आले, तर मलाच धाप लागली होती. चाळिशी ओलांडली होती, वजन वाढलं होतं. मी पायरीवर बसून म्हटलं, "मामाजी, तुम्ही नाही करत तर मी करते." पलंगाखालून यंत्र काढलं, तोंडात धरायची नवी नळी लावली आणि ओढलं. खांदे कानापर्यंत वर गेले, आणि जोरात खोकला आला.

मामाजी हसले. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच.

"खांदे कायले उचलतं? हात पोटावर ठेव. पोट फुगलं पाहिजे. आन् सोडतानी घाई नको करू, ओठ बारीक कर, दिव्याची वात हलली पाहिजे, इझली नाही पाहिजे."

"तुम्ही करून दाखवा ना."

त्यांनी मांडी घातली, हात पोटावर ठेवला आणि दाखवायला म्हणून श्वास घेतला. मध्येच अडखळले, थांबले, पुन्हा घेतला. फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं तेही हेच. पण आता ते शिकणारे नव्हते, शिकवणारे होते.

तेव्हापासून रोज सकाळी ओसरीवर आमचा वर्ग भरू लागला. ते चुकले की मी बोलायची नाही, मी चुकले की ते सोडायचे नाहीत. कंटाळा आला की मी म्हणायची, "आज राहू द्या." ते म्हणायचे, "वाद्य रोज लावा लागते, नाही तं रुसते." पहिली गोळी चढली. पुष्कळ दिवसांनी दुसरीही. तिसरी त्यांची कधीच पूर्ण चढली नाही, माझी चढली. त्याचा त्यांना कोण आनंद! गॅरेजात जाऊन सांगून आले, "माह्या सुनेनं तिन्ही उचलल्या."

तपासणीला गेलो, तेव्हा मामाजींनी डॉक्टरांना सरळ विचारलं, "वाजवू का?" डॉक्टरांनी छाती तपासली. म्हणाले, बसून, थोडं थोडं, दम लागला की थांबायचं. परतीच्या बसमध्ये मामाजी खिडकीच्या दांडीवर बोटं चालवत होते.

उन्हाळ्यात चाचांच्या गल्लीत एक लग्न होतं. वरातीत चालणं मामाजींना शक्य नव्हतं आणि त्यांनी हट्टही केला नाही. पण संध्याकाळी मुलीच्या पाठवणीच्या वेळी चाचांनी मांडवाजवळ मामाजींसाठी खुर्ची ठेवली आणि बँडला हाताने थांबवलं. पाठवणीची धून संथ असते. जलद गाण्यात चुकलेलं झाकलं जातं, संथ धुनेत श्वास तुटला की सगळ्यांना ऐकू येतो.

मी बायकांमध्ये उभी होते. मामाजींनी क्लॅरिनेट उचललं, डोळे मिटले. त्यांचे खांदे जागच्या जागी राहिले, सदऱ्याखालचं पोट तेवढं भरलं, आणि सूर निघाला. आधी जरा खरखरीत, मग स्वच्छ. एका जागी ते थांबले. चाचांनी ट्रम्पेट ओठाला लावून तेवढी जागा हळूच भरून काढली, आणि मामाजींनी पुढची ओळ पुन्हा उचलली. नवरी गाडीत बसली, तरी तिचे काका हलेनात, ऐकतच राहिले.

शेजारच्या बाईने विचारलं, "कोण हायेत हे?"

"माझे सासरे," मी म्हटलं. इतक्या मोठ्याने म्हटलं, की पुढच्या बायकांनीही वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजींचे ओठ सुजले होते. इतक्या महिन्यांनी वाजवलं होतं ना. त्यांना धड बोलताही येईना. त्यांनी ओसरीवर चटई टाकली, समोर बसले आणि मला हाताने खूण केली: आज तू सांग. मी सांगितलं, "हात पोटावर. खांदे खाली." आणि मामाजींनी शहाण्या विद्यार्थ्यासारखे खांदे खाली घेतले.