काळीतला रस्ता मी निवडला

श्रावणातल्या एका सकाळी आम्ही जाफराबादजवळचं गाव सोडलं. गाडीत आई, मी, ज्वारीची दोन पोती आणि माझी पुस्तकांची पेटी. निजामाची हद्द ओलांडली की वऱ्हाड, मंग रझाकारांची भीती न्हाई. गाडी वडील हाकत होते; आम्ही त्यांना दादा म्हणतो. ते म्हणाले, "मुरमाच्या सडकेनं जाऊ. लांब पडंल, पण बराबर पोचू." सडकेवर रझाकारांची चौकी होती, म्हणून मी नाल्याकडच्या काळीतून, काळ्या मातीच्या रानातून चला म्हणालो. गावातला पहिला बी.ए. मी. माझा शब्द दादा मोडत नसत.

नाल्याच्या काठाला चाकं आखापर्यंत रुतली. मी कासरा हिसकून घेतला आणि बैलांवर चाबूक ओढला.

"आरं थांब! बैल सोड आधी!" दादा ओरडले. तोवर उजवा बैल गुडघ्यावर गेला, पाय मुरगळून बसला. गाडी रुतली की आधी बैल सोडायचे, ओझं उतरवायचं, चाकाखाली कपाशीच्या पऱ्हाट्या घालायच्या, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणतं. हैदराबादेत चार वर्षं शिकून मी तेच विसरलो.

आई चिखलात उभी राहून म्हणाली, "बी.ए.च्या पुस्तकात चिखल नसंल बाबा."

मागून आलेल्या ओळखीच्या गाडीवाल्यानं आम्हा दोघांना आपल्या गाडीत घेतलं. दादा बैलापाशी थांबले. "पाय टेकू लागला की चार दिवसांत आलोच. तू आईला जल्दी पार कर."

आता मी बुलढाण्याकडं एका शाळेत इंग्रजी शिकवतो. परवा धड्यात 'क्वॅगमायर' आला. डिक्शनरीत दोन अर्थ: पाय ठेवताच हलणारी, आत ओढणारी ओली जमीन, आणि सहज न सुटणारी अडचण. दोन्ही फळ्यावर लिहिले. मागून कुणीतरी विचारलं, "सर, त्यात अडकलेला माणूस वाचतो का?" डिक्शनरीत ते नव्हतं. मी म्हणालो, पुढं वाचा.

चार दिवसांचे पस्तीस झाले. तिकडून आलेल्या प्रत्येकाला गाठून विचारून राह्यलो. कुणी म्हणतं, बैल पाहिला; कुणी म्हणतं, दादा राजूरकडं गेले. तुमच्यापैकी कुणाला दिसले असतील तर कळवा. चूक माझी होती, एवढंही त्यांना सांगा.

आई अजून तीन दगडांवर भाकरी करते. इथं घर कर म्हणून काल मी चुलीसाठी माती भिजवून दिली. "ते आल्यावर बघू," म्हणाली; हात लावला न्हाई. माती अंगणात तशीच वाळून गेली.