मुक्या चकत्या

कारखान्यात तिला सगळे मैना म्हणत आणि तिच्या नवऱ्याला राघू. तो चाचणीच्या खोलीत बसला की ती बाहेर काचेशी येऊन उभी राही.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून बघून पोट भरत नाही का गं?" बायका चिडवत.

"तुमच्या घरी बघण्यासारखं काही नाही, त्याला मी काय करू?" ती म्हणे, पण नजर काचेवरून हलवत नसे.

राघूचे कान गेले होते. हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

तिथे वीज साठवणाऱ्या सिरॅमिकच्या चकत्या बनत. चकती तेलात बुडवून व्होल्टेज चढवत न्यायचं, ती किती वीज पोटात ठेवते ते बघायचं. झेपेनासं झालं की चकती चरचरे, तापल्या कढईत पाण्याचा थेंब पडावा तशी. तेवढ्यात बटण मागे फिरवलं तर ठीक, नाहीतर तेल आणि तुकडे अंगावर. ती चरचर काचेच्या फटीतून मैना ऐके आणि हात खाली करी. राघू हाताकडे बघून बटण फिरवी. साहेबांना कळलं तर गोदामात टाकतील, ही त्याची धास्ती.

मग चकत्यांच्या पुडीतलं शिसं विषारी म्हणून बंद झालं. बिनशिशाची पूड आली, पण ती वीज जेमतेम धरी. म्हणून तिच्यात दुसऱ्या एका धातूची चिमूट मिसळायची, म्हणजे डोपिंग. ते काम मैनाकडेच. "आम्ही दिवसाढवळ्या भेसळ करतो," ती हसून सांगे. त्या चिमटीने चकती भट्टीतून भरीव निघे, आत पोकळी उरत नसे. दर घाण्याला ती जास्त वीज धरू लागली. साहेब खूश होते.

एका दुपारी चकती न चरचरता फुटली. चरचर व्हायची ती आतल्या पोकळ्यांतून, आणि त्या आता राहिल्याच नव्हत्या. राघूची एक भुवई जळाली.

घरी ती त्याच्या समोर बसून, ओठ दिसतील असं बोलली. "अहो, आता मलाही काही ऐकू येत नाही. साहेबांना सांगून टाका."

"तुझं लक्ष नसेल."

"लक्ष असतं हो. चकतीच बोलत नाही."

"मी अंदाजाने बटण फिरवीन. आणि परवापासून ताटाएवढ्या चकत्या आहेत, आता काम सोडून चालायचं नाही."

ताटाएवढी फुटली तर भुवईवर निभावणार नाही, म्हणून ती सकाळी साहेबांकडे गेली.

"साहेब, यांना ऐकू येत नाही. त्यांना दुसरीकडे घ्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "बाई, या चकत्यांचं आता कोणालाच ऐकू येत नाही. मग तिथे कान असले काय, नसले काय? त्यांचा हात बसलाय. राहू दे त्यांनाच."

हे साहेबांनी राघूलाही सांगितलं, पाठीवर थाप मारून. संध्याकाळी तो जेवला, ताट घासून ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

"तुमच्यासाठीच गेले होते," ती त्याच्या पाठीला म्हणाली.

सकाळी ती काचेशी उभी राहिली. पहिली मोठी चकती तेलात गेली. खोलीचं दार नियमाप्रमाणे आतून बंद झालं. राघूने स्टूल उचललं, फिरवलं आणि काचेकडे पाठ करून बसला.

तिने काचेवर टकटक केली. मग हाताच्या तळव्याने मारलं.

व्होल्टेजचा काटा चढत होता.